राउस्डालची पवनचक्की जागेवर नाही, तरी चित्र खरं कसं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नोकरीनिमित्त आम्स्टेलफेनला राहता आणि सुट्टीच्या दिवशी जलरंगात ऑन-द-स्पॉट निसर्गचित्रं करता. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये याकोब फान राउस्डाल या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराचं पवनचक्कीचं चित्र पाहून तुम्ही भारावलात, आणि ती जागा डोळ्यांनी बघायची म्हणून वाइक-बाय-ड्यूर्स्टेड गावी जाऊन आलात. तिथली चक्की चित्रासारखी दिसेना. मग वाचनात आलं की हा माणूस न पाहिलेले धबधबेही रंगवायचा. ‘फसवणूक झाल्यासारखं वाटलं,’ असं तुम्ही लिहिलंय. तो शेवटी गरिबीत, धर्मशाळेत वारला हे खरं का, असंही विचारलंय. आणि शेवटच्या ओळीत, जणू सहज, एक वाक्य टाकलंय: ‘माझी चित्रं जागेशी तंतोतंत जुळतात, तरी मेलेली का वाटतात?’

माझ्या मते खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. बाकीचे त्याच्या पोटातले. मी तीसेक वर्षं निसर्गचित्रण शिकवते आहे, आणि हे वाक्य दर बॅचमधला निदान एक विद्यार्थी म्हणतोच.

पण आधी चक्कीचं बघू, कारण तिथे तुमचा थोडा घोटाळा झालाय. तुम्ही चुकीच्या चक्कीसमोर उभे होतात! गावात आज जी दिसते, जुन्या वेशीच्या कमानीवर बांधलेली, ती ‘राइन एन लेक’. तीच राउस्डालची चक्की असं पुष्कळांना वाटतं. चित्रातली चक्की दुसरी होती आणि ती केव्हाच पाडली गेली. तेव्हा एवढ्या आरोपातून बुवाला मुक्त करा.

नावाबद्दल एक सांगून टाकते. आम्ही शिकत होतो तेव्हा सगळे ‘रुइसडेल’ म्हणायचे, आणि मीही पुढे बरीच वर्षं तसंच शिकवलं. डच उच्चार ‘आउ’ आणि ‘ऑय’ यांच्या मधला कुठला तरी आहे, देवनागरीत तो नीट बसत नाही. त्याचा काका सालोमोन हाही नावाजलेला चित्रकार. तो आडनावात ‘आय’ऐवजी ‘वाय’ लिहायचा. संग्रहालयांच्या सूचीत शोधताना हे लक्षात ठेवलंत तर पुतण्याचं चित्र काकाच्या खात्यावर जाणार नाही.

याकोब हार्लेमचा. जन्म १६२८ किंवा १६२९. वडील इसाक चौकटी बनवायचे, चित्रांचा व्यापार करायचे आणि स्वतःही रंगवायचे. म्हणजे पोरगा लाकडाचा भुसा आणि जवसाच्या तेलाच्या वासातच वाढला असणार. तारीख घातलेली त्याची पहिली चित्रं १६४६ची आहेत, वय फार तर अठरा. १६४८मध्ये तो हार्लेमच्या चित्रकार संघाचा सदस्य झाला. त्या काळात हॉलंडमध्ये प्रॉटेस्टंट पंथाने चर्चमधल्या चित्रांना रजा दिली होती, त्यामुळे धर्मपीठाची मोठी कामं नव्हती. चित्रं बाजारात विकली जायची आणि व्यापारी, कारागीर आपल्या घराच्या भिंतीसाठी ती विकत घ्यायचे. हे लक्षात घेतलं नाही तर त्याचे धबधबे कळत नाहीत, त्याकडे येतेच.

आता तुमची तक्रार. तो बघून रंगवायचा की मनाने? दोन्ही. आणि कुठे काय, हे चित्रागणिक बदलतं.

त्या काळी तैलरंगात बाहेर बसून चित्र पुरं करण्याची पद्धत नव्हती. रंग घोटायचा स्टुडिओत. पिळून वापरायच्या धातूच्या ट्यूबा १८४१ सालच्या, म्हणजे राउस्डालनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी आल्या. बाहेर जाताना जवळ कागद, काळा खडू, फार तर करडा वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा हात. तो हिंडायचा, रेखाटनं करायचा आणि घरी येऊन त्यांतून चित्र रचायचा. सुमारे १६५०मध्ये तो निकोलास बेरखेम या चित्रकारासोबत जर्मनीत, डच हद्दीला लागून असलेल्या बेंथाइमला गेला. तिथे एक किल्ला आहे, बेताच्या टेकाडावरचा. आपल्या राजगड-तोरण्यापुढे त्याला कुणी गड म्हणणार नाही. राउस्डालने तो दहापेक्षा जास्त वेळा रंगवला. डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात १६५३चं चित्र आहे, त्यात ते टेकाड थेट डोंगर झालंय. उतारावर दाट झाडी, पुढ्यात शिळा, आणि वर आभाळाला टेकलेला किल्ला. माणूस सपाट देशातला. पहिल्यांदा चढ दिसला तेव्हा त्याला तो केवढा वाटला असेल, हे त्या चित्रात मोजून मिळतं.

इथेच ‘बरोक’ हा शब्दही, म्हणजे सतराव्या शतकातल्या त्या नाट्यमय शैलीचं नाव, जागेवर बसतो. बरोक म्हटलं की आपल्याला रूबेन्सची गुटगुटीत माणसं आणि उडणारे देवदूत आठवतात. राउस्डालकडे माणसं मुंगीएवढी, आणि तीही कितीदा दुसऱ्याकडून रंगवून घेतलेली. बेरखेमने, आड्रियान फान दे फेल्डेने त्याच्या चित्रांत माणसं-गुरं घातली आहेत. नाटक आहे ते ओकच्या बुंध्यात आणि ढगात. त्याच्या आधीच्या पिढीत, काका सालोमोन आणि यान फान गोयेन यांच्याकडे, सगळं मऊ, भुऱ्या-करड्या एकाच सुरात असायचं. याने एक झाड उचललं आणि नायक म्हणून पुढे उभं केलं. ते झाड कोणतं, हे झाडांचे जाणकार ओळखू शकतात: ओक, बीच, बर्च. सालीची भेग, तुटलेल्या फांदीचं खोड, सगळं पाहिलेलं आहे. जागा मात्र त्याने ठरवलेली.

याची सगळ्यात ठळक मिसाल म्हणजे ‘ज्यूंची दफनभूमी’. दोन चित्रं आहेत, एक डेट्रॉइटला आणि एक ड्रेस्डेनला. थडगी खरी आहेत. आम्स्टरडॅमच्या दक्षिणेला आउडरकेर्कमध्ये पोर्तुगीज ज्यूंची ही दफनभूमी आजही आहे, तुमच्या घरापासून सायकलवर जाण्यासारखी. त्या थडग्यांची त्याची रेखाटनं हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात आहेत. पण चित्रात मागे जे भग्न अवशेष आहेत ते तिथे कधीच नव्हते. थडगी दोन्ही चित्रांत तीच, अवशेष मात्र वेगवेगळे! पुढून वाहणारा ओढा, वठलेलं झाड, काळ्या ढगावरचं इंद्रधनुष्य, सगळं त्याने आणून ठेवलेलं. जर्मन कवी गटेने १८१६ साली एक लेख लिहून राउस्डालला कवी म्हटलं, तेव्हा त्याच्यासमोर यांतलं ड्रेस्डेनचं चित्र होतं. तुम्ही आउडरकेर्कला गेलात तर पुन्हा फसल्यासारखं वाटेल, म्हणून आधीच सांगते.

धबधब्यांच्या बाबतीत मात्र तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. आल्लार्ट फान एवरडिंगेन नावाचा चित्रकार १६४४मध्ये नॉर्वे-स्वीडनला जाऊन आला. त्याने आणलेले खडक, सूचिपर्णी झाडं, ओंडक्यांची घरं बाजारात चालली. राउस्डाल कधी तिकडे गेला नाही, पण त्याने असे शंभराहून अधिक देखावे रंगवले. गिऱ्हाईक होतं. काही फार सुंदर आहेत, पाण्याचा फेस अंगावर येतो. काहींत मात्र तोच खडक, तोच आडवा पडलेला ओंडका, आणि हाताला लागलेली सवय दिसते. मला स्वतःला ते धबधबे फारसे भावत नाहीत. पोट प्रत्येकाला असतं, एवढंच म्हणेन.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते सांगते. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात एक चित्र आहे, ‘ब्लीचिंगच्या मैदानांसह हार्लेमचा देखावा’, साधारण १६७० ते ७५मधलं. उंची साडेपंचावन्न सेंटिमीटर, रुंदी बासष्ट. मी विद्यार्थिदशेत एका पुस्तकातल्या छापील चित्रावरून त्याची नक्कल केली होती, चांगली तीन फुटांची. छपाई भुरकट होती, म्हणून माझं आभाळही चहासारखं झालं, आणि मी ते अभिमानाने भिंतीवर लावलं. पुढे मूळ चित्रासमोर उभी राहिले तेव्हा आधी ते शोधूनच सापडेना, इतकं लहान. आणि आभाळ थंड होतं. करडं, निळसर, मधेच मोत्यासारखं पांढरं.

चित्राचा सुमारे दोन तृतीयांश भाग आभाळ आहे. खालच्या तिसऱ्या हिश्शात वाळूच्या टेकड्यांवरून दिसणारं सगळं मैदान, आणि क्षितिजावर हार्लेम शहर, त्यात सिंट बाफो चर्चचं भलंमोठं छप्पर. पुढे हिरवळीवर कापडाचे लांब पट्टे वाळत घातलेत. हार्लेमचं तागाचं कापड तेव्हा नावाजलेलं होतं. टेकड्यांमधून झिरपणारं स्वच्छ पाणी धुलाईला मिळायचं, म्हणून बाहेरगावचं कापडही तिथे शुभ्र करायला यायचं. आपल्याकडे नदीकाठी धोब्यांनी वाळत घातलेली धोतरं-लुगडी ज्यांनी पाहिलीत त्यांना हे समजावून सांगायला नको.

आता प्रयोग करा. चांगली प्रतिमा मोठी करून समोर ठेवा आणि आभाळावर तळहात धरा. खाली उरलेली जमीन विस्कळीत वाटेल: इथे एक उजळ पट्टा, तिथे काळोख, मधेच घरांची छपरं चकाकतात, पुन्हा काळोख. का, ते कळत नाही. आता हात काढा. प्रत्येक काळोख्या पट्ट्याचा मालक वर सापडतो, तो म्हणजे ढग. ढगांच्या फटीतून ऊन नेमकं कापडाच्या पट्ट्यांवर उतरलंय. पुढचा भाग सावलीत ठेवलाय, म्हणून नजर तिथे न थांबता उन्हात जाते, तिथून पुन्हा सावली, पुन्हा ऊन, अशा पायऱ्या उतरत शहरापर्यंत पोचते. शिवाय ढगही क्षितिजाकडे जाताना लहान आणि चपटे होत जातात. जमिनीत परस्पेक्टिव्ह दाखवायला एकही सरळ रस्ता नाही, ते काम आभाळाने केलंय.

हेच तुमच्या चक्कीत बघा. साधारण १६७०चं चित्र. नजर खाली पाण्याच्या पातळीजवळ ठेवलीये, त्यामुळे चक्की आभाळात घुसते. पाती ढगांवर उमटतात. चक्कीच्या सज्जात एक माणूस उभा आहे, खाली उजवीकडे वाटेवर तीन बायका, डावीकडे शिडाची होडी. होडी, पाती आणि ढग, तिघांनाही वारा हवा. चक्कीचा आकार मोजमापात बसतो की नाही हे कुणी विचारत नाही, कारण हवा खरी आहे. तसे त्याचे ढगही एका वेळी एकाच आभाळात असे दिसतील का, यावर हवामानाच्या अभ्यासकांनी वाद घातलेत. एकेक ढग पटतो, त्यांची जुळणी त्याची स्वतःची.

मला समजलेला राउस्डाल एवढाच आहे. सुटा भाग पाहिलेला असायला हवा, जोडणी आपली. आणि सगळ्याला बांधून ठेवणारा प्रकाश मात्र एकाच क्षणाचा हवा.

आता तुमची चित्रं. तुम्ही पाठवलेल्या तीन फोटोंवरून बोलते, मूळ पाहिली नाहीत, तेव्हा चूक होऊ शकते. कालव्याचं चित्र घ्या. पूल, घरं, सायकली, झाडं सगळं जागच्या जागी आहे, रेखाटन माझ्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा पक्कं आहे. पण सावल्या बघा. डावीकडच्या घरांची सावली सकाळची आहे, पुलाखालची दुपारची. तुम्ही तीन तास बसलात आणि प्रत्येक वस्तू तिच्या वेळेला रंगवलीत. वस्तू अचूक, वेळ मात्र एक नाही. आभाळ तर शेवटी, उरलेल्या निळ्याने भरून काढलंय, हे कागदाच्या कडेला सुकलेल्या रेघेवरून कळतं. (वाईट वाटून घेऊ नका. मेणवलीच्या घाटावर बसून मी वर्षानुवर्षं हेच केलंय. शेवटी सरांनी माझ्या चित्रातल्या आभाळावर अंगठा ठेवून विचारलं, ‘हे काढलं तर काय बिघडेल?’ काहीच बिघडत नव्हतं.)

मी हे करून बघायला सांगते. पोस्टकार्डाएवढा कागद, एकच रंग, सेपिया किंवा पेन्स ग्रे. आधी फक्त आभाळ. दहा मिनिटांत ढगांचे मोठे आकार, तपशील नाही. मग ठरवा, यांतल्या कुठल्या ढगाची सावली जमिनीवर कुठे पडेल. समोर पडलेली असेलच असं नाही, तुम्ही ठरवा. जमिनीवर तीनच टोन: सावली, मधला, ऊन. ऊन एकाच ठिकाणी, कागद कोरा सोडून. त्यानंतरच झाडं-घरं, आणि ती ज्या पट्ट्यात येतील त्या पट्ट्याच्या टोनची. एखादं घर उन्हात हवंय आणि ते सावलीत येतंय, तर घर हलवा. हो, हलवा. तिथे बसून चित्र काढणारा पंधरा दिवस मनाला चुटपुट लावून घेतो, पण पाहणाऱ्याला काही कळत नाही. अशी वीस-पंचवीस झाल्याशिवाय रंगाला हात लावू नका.

हे कितपत लागू पडेल ते तुम्हाला काय हवं यावरही आहे. एखाद्या वाड्याची नोंद म्हणून चित्र करत असाल तर तंतोतंतपणा हाच गुण, तिथे राउस्डालचं ऐकू नका. आणि डच आभाळ सतत हलतं, तुम्हाला त्याचा फायदा आहे. आमच्याकडे एप्रिलमध्ये ढगच नसतो. मग मी मुलांना श्रावणाची वाट बघायला लावते, पठारावर ऊनसावलीचे पट्टे धावतात तेव्हा वेगळं शिकवावं लागत नाही.

एक सावधगिरी. त्याची झाडी आज जी काळपट, कधी निळसर दिसते, ती तशीच्या तशी उचलू नका. त्या काळच्या हिरव्यात वनस्पतीपासून केलेला पिवळा मिसळायचे, तो उडून जातो आणि मागे निळा उरतो. स्माल्ट नावाचा काचेच्या भुकटीचा स्वस्त निळाही काळाने करडा पडतो. वरून जुन्या वार्निशचा पिवळेपणा. ‘उदास राउस्डाल’ म्हणतात त्यातली थोडी उदासी रसायनांची आहे. बाकीची त्याची.

राहिलं त्याचं शेवटचं आयुष्य. १६५७च्या सुमाराला तो आम्स्टरडॅमला स्थायिक झाला. त्याच साली त्याने बाप्तिस्मा घेतला. लग्न केलं नाही. मेइंडर्ट होब्बेमा हा चित्रकार त्याच्याकडे शिकला, तसं त्याने स्वतःच १६६०मध्ये लिहून दिलंय. १६६७मध्ये आजारी असताना केलेल्या मृत्युपत्रांत म्हाताऱ्या वडिलांची सोय लावलेली दिसते. तो डॉक्टरही होता, असं तुम्ही वाचलं असेल. आम्स्टरडॅमच्या वैद्यांच्या यादीत या नावाची नोंद आहे, फ्रान्समधल्या कां शहराची १६७६ची पदवी, पण नाव खोडलेलं आहे. तो हाच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सातशेच्या आसपास चित्रं त्याच्या नावावर लावली जातात. एवढी चित्रं काढणाऱ्याला नाडी बघायला वेळ कधी मिळाला असेल, असं मला वाटतं, पण तो काही पुरावा नव्हे.

धर्मशाळेत वारला तो हा नव्हेच. काका सालोमोनच्या मुलाचं नावही याकोब, तोही चित्रकार. १६८१मध्ये हार्लेमला हलाखीत गेला तो हा चुलतभाऊ. एका नावामुळे एकाची गरिबी दुसऱ्याच्या नावावर चढली आणि पुढे रोमँटिक काळातल्या लोकांना ती आवडलीही. आपला राउस्डाल मार्च १६८२मध्ये गेला आणि त्याला हार्लेमला नेऊन सिंट बाफोमध्ये पुरलं. मघाच्या चित्रातलं क्षितिजावरचं मोठं छप्पर, तेच.

हेगला जाच. तुमच्याकडून ट्रेनने तासाभराचा रस्ता. सकाळी दार उघडतानाच पोचा, कारण चित्र लहान आहे आणि चार माणसं पुढे उभी राहिली तर काही दिसत नाही. जवळ जाऊन कापडाच्या पट्ट्यांवरचा पांढरा बघा, मग सहा पावलं मागे या आणि तो ओला दिसतो की सुका, ते मला कळवा. माझं अजून ठरत नाहीये.